असोल्या नारळाचे संपूर्ण वर्णन

नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहून झाला, मचवे पाण्यात उतरले आणि त्याच आठवड्यात श्रीवर्धनात जकातीचे नवे परिपत्रक येऊन पोचले. संस्थानची हद्द ओलांडून मुंबईकडे जाणाऱ्या प्रत्येक मालाचे वर्णन यापुढे 'स्पष्ट व संपूर्ण' असावे. 'वाणसामान', 'किरकोळ', 'वगैरे' असले मोघम शब्द आढळल्यास माल नाक्यावर अडकवला जाईल. गावातल्या व्यापाऱ्यांनी कपाळाला हात लावला. आनंद झाला तो एकट्या बापू मास्तरांना.

मास्तरांनी तीस वर्षे शाळेत निबंध शिकवला होता. 'गाय हा उपयुक्त प्राणी आहे' एवढ्यावर थांबणाऱ्या पोराला ते अंगठे धरून उभे करीत. "उपयुक्त म्हणजे कशी? सविस्तर लिही!" नोकरी संपल्यावर त्यांच्यापाशी वडिलार्जित नारळाची वाडी आणि लिहिण्याची खाज एवढेच उरले. वाडीला रहाटाचे पाणी तरी मिळे, खाजेकडे कुणी बघत नव्हते. आता दरबारानेच तिची दखल घेतली होती.

वाडीचे दोन हजार असोले नारळ, म्हणजे वरच्या काथ्याळ सोडणासकट, पावसाआधी पाडून माळ्यावर रचून ठेवलेले होते. गणपतीपूर्वी ते मुंबईला पोचले तरच त्यांना भाव. नंतर विचारतो कोण? आणि त्या भावावर मास्तरांच्या पत्नी गोदावरीबाईंचे छप्पर टांगलेले होते. त्यांचे स्वयंपाकघर सलग तीन पावसाळे गळत होते. चुलीपुढे डोक्यावर इरले घेऊन त्या भाकऱ्या थापीत. "यंदा कौलं आली नाहीत, तर पुढच्या पावसात इरलंही तुम्हीच घ्यायचं नि भाकऱ्याही तुम्हीच थापायच्या," असे त्यांनी नवऱ्याला बजावून ठेवले होते.

मचव्याचा तांडेल जलील माल न्यायला आला, तेव्हा मास्तर बोरू तासत बसले होते.

"मास्तर, कशाला डोक्याला तरास?" जलील म्हणाला. "लिवा, 'असोले नारळ, नग दोन हजार.' माझा बाप हेच लिवायचा, मी बी हेच लिवतो. अल्लाच्या मेहेरबानीनं एक नारळ कधी अडला न्हाय."

"जलील, ही यादी झाली. वर्णन नव्हे."

"पन त्यांना नारळ ठावूक हाय ना?"

"ठाऊक आहे म्हणून लिहायचं नाही, असं म्हटलं तर निबंध लिहायचाच कशाला?" मास्तर म्हणाले. जलीलने निबंध कधीच लिहिला नव्हता, त्यामुळे तो नारळ मोजायला माळ्यावर चढला.

चार ताव भरले. 'सदरहू फळ बाहेरून कठोर व आतून कोमल असून त्याच्या उदरी मधुर जल वास करते. त्याच्या सोडणापासून काथ्या व दोर, करवंटीपासून वाढावयाचे डवले, खोबऱ्यापासून तेल प्राप्त होते. शुभकार्यी ते देवास प्रिय आहे.' मास्तरांनी ते गोदावरीबाईंना वाचून दाखवले. त्या म्हणाल्या, "छान आहे. कौलं किती आणणार?" मास्तरांना फार वाईट वाटले. असले लिखाण नाक्यावर कुणी धड समजून घेणार नाही, या काळजीने ते स्वतःच मालासोबत मचव्यात बसले.

खाडीच्या तोंडाशी जकातनाका होता. नाकेदाराने कागदावरचे अक्षर पाहिले आणि तो ताडकन उठून मास्तरांच्या पाया पडला. तो त्यांचाच विद्यार्थी निघाला. गायीवरून अंगठे धरलेला.

"मास्तर, दुसऱ्या कुणाचा अर्ज असता तर डोळे मिटून शिक्का मारला असता," तो सद्गदित होऊन म्हणाला. "पण तुमचं लिखाण वरवर वाचायचं? हे पाप माझ्या हातून नाही होणार."

मास्तरांचा ऊर भरून आला. नारळ उतरवून नाक्याच्या अंगणात रचण्यात आले आणि जलील मचव्यातला इतरांचा माल घेऊन पुढे गेला.

दुसऱ्या दिवशी वाचन पहिल्या ओळीशी अडले. "मधुर जल म्हटलंय. म्हणजे पातळ पदार्थ. त्याचं माप द्यावं लागेल." माप घेण्यासाठी एक नारळ फोडला. पाणी पावशेर भरले. मग नाकेदाराने विचारले, "सगळ्यांत इतकंच असेल?"

तीस वर्षे पोरांना खरे बोलायला शिकवलेल्या माणसाने सांगितले, "तसं नाही सांगता येणार."

तेव्हा प्रत्येक नारळ कानाशी धरून हलवून पाहावा व पाणी भरपूर, मध्यम की थोडे याची नोंद व्हावी, असे ठरले. कारकून एकच, त्याचा उजवा कान जरा मंद होता. पाच दिवस तो डाव्या कानाने नारळ ऐकत होता. शेवटी बेरीज एक हजार नऊशे नव्याण्णव आली. अर्जात दोन हजार. एक नारळ गेला कुठे, याची चौकशी दोन दिवस चालली. तो मापासाठी फोडला होता हे सिद्ध झाले. पण फोडला म्हणजे ते खोबरे झाले आणि खोबरे म्हणजे निराळा माल. वर्णनात नावे आली म्हणून दोर, डवले आणि तेल यांचेही तीन स्वतंत्र अर्ज मास्तरांनी तिथल्या ओसरीवर बसून लिहिले. खरे सांगायचे तर तेही त्यांनी फार आवडीने लिहिले.

एवढ्यात मुरुडचे हमदुल्लाशेठ तीन हजार नारळ घेऊन आले. 'असोले नारळ, नग तीन हजार.' त्यांचे पान चघळून व्हायच्या आत शिक्का बसला.

"त्यांचं कसं चाललं?" मास्तरांनी विचारले.

"त्यांच्या अर्जात विचारण्यासारखं काही नव्हतंच, मास्तर."

'देवास प्रिय' या शब्दांपाशी नाकेदार आला, तोवर गणपती बसून, जेवून, गावाला गेलेही होते. पाऊस मात्र गेला नव्हता. अंगणातल्या ओल्या राशीतून एका सकाळी हिरवी टोके डोकावली. नाकेदाराने चारही ताव पुन्हा वाचले.

"मास्तर, कोंबाचा उल्लेख कुठेच नाही."

"लिहिलं तेव्हा कोंब नव्हता रे!"

"पण आज आहे. म्हणजे हा माल नारळ नव्हे, रोपे आहेत. अर्ज नारळाचा. माल परत." तो खरोखरच कळवळला होता. "मी तुमचाच विद्यार्थी, मास्तर. अपुऱ्या वर्णनाला गुण कसे देऊ?"

मुंबईची खेप करून परतणाऱ्या जलीलने ती रोपे मचव्यात घेतली आणि पावतीवर लिहिले, 'रोपे, नग एक हजार नऊशे नव्याण्णव.' मास्तरांना आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या अक्षराची लाज वाटली.

गोदावरीबाई इरले घेऊनच दारात उभ्या होत्या. त्यांनी रोपे पाहिली, नवऱ्याचे तोंड पाहिले आणि इरले उतरवून त्याच्या डोक्यावर ठेवले. "पीठ मळून ठेवलंय," त्या म्हणाल्या. "रोपं मी लावते. सात वर्षांत फळ धरतील. तेव्हा नुसतं 'नारळ' लिहा."

कसोशीने काम केल्याबद्दल नाकेदाराला बढती मिळाली आणि नाक्यावरची जागा रिकामी झाली. नाकेदाराचे नाव काय, खाडी कोणती, कारकुनाचा कान कशाने मंद झाला होता, हे या गोष्टीत लिहिलेले नाही. वाचताना ज्यांना हे विचारावेसे वाटले असेल, त्यांनी त्या जागेसाठी अवश्य अर्ज करावा. अर्ज सविस्तर असावा.