तारेतून फक्त गाणंच जातं!

मला यंत्रांतलं कळतं. हे मी म्हणत नाही, आमच्या ऑफिसातले लोक म्हणतात. प्रिंटर अडून बसला की मलाच हाक येते. मी जातो, त्याच्या पाठीत एक सणसणीत चापट घालतो आणि तो निमूटपणे कागद ओकायला लागतो. आता याला ज्ञान म्हणायचं की दहशत, हा प्रश्न वेगळा! पण एकदा माणसाचं नाव झालं की ते राखावं लागतं. त्या नावापायीच पुढचं सगळं रामायण घडलं.

झालं असं, की माझे सासरे कायमचे आमच्याकडे राहायला आले. बाबा म्हणजे दातांचे निवृत्त डॉक्टर. आयुष्यभर त्यांच्या दवाखान्यात रेकॉर्ड प्लेअर वाजत असे. "ड्रिलचा आवाज झाकायला बासरी पुरते," असं ते सांगायचे, "पण पेशंटचा झाकायचा तर वरच्या पट्टीतली बाईच हवी!" तर येताना बाबा कपड्यांची एक बॅग, तो प्लेअर म्हणजे टर्नटेबल आणि रेकॉर्डींची खोकी घेऊन आले. किती खोकी? आम्ही घरातल्या घरात खेकड्यासारखे आडवे चालू लागलो, एवढी! इस्त्रीचं टेबल न्हाणीघरात गेलं. चपला खिडकीत गेल्या. एकदा मी ऑफिसला निघालो तर दारच उघडेना, कारण दारामागे सगळा वाद्यवृंद उभा!

"अहो," बायको हळूच म्हणाली, "आता एक तर खोकी राहतील, नाही तर आपण."

ती हळूच म्हणाली, पण घर लहान. बाबांनी ऐकलं. दुसऱ्या दिवशी चहा पिता पिता स्वतःच म्हणाले, "जुन्या रेकॉर्डी घेणारा एक दुकानदार आहे ओळखीचा. त्याला देऊन टाकू सगळ्या. मी तरी आता किती ऐकणार?" म्हणाले खरं, पण धडधडीत चांगला दात उपटायला सांगावा तसा चेहरा झाला होता. बायकोचे डोळे लगेच भरून आले.

अशा वेळी घरातल्या कर्त्या पुरुषाने गप्प बसायला हवं होतं. मी बसलो नाही.

"बाबा, काही काळजी करू नका!" मी कप आपटून म्हणालो. "खोकी जाऊ देत, गाणी कुठे जातात? सगळ्याच्या सगळ्या रेकॉर्डी कॉम्प्युटरवर उतरवून अंगठ्याएवढ्या पेनड्राइव्हमध्ये घालून देतो. तुमच्या वाढदिवसाला!"

"जमेल तुम्हाला, जावईबापू?"

"बाबा, एक डबी आणायची, एक तार जोडायची. लहान पोर करील!"

खरं कारण वेगळंच होतं. गेल्या वाढदिवसाला साडूभाऊंनी, म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याने, बाबांना अंग रगडणारी खुर्ची दिली होती. आणि आम्ही? मफलर! तेव्हापासून तो मफलर माझ्याच गळ्याभोवती आवळला जात होता.

मी दुकानात गेलो आणि ऐटीत म्हणालो, "टर्नटेबल कॉम्प्युटरला जोडायचाय. स्वस्तातला ऑडिओ इंटरफेस द्या."

"तुमचा टर्नटेबल फोनोचा की लाइनचा?" विक्रेत्याने विचारलं.

"दोन्ही."

त्याने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जशा नजरेने डॉक्टर स्वतःच औषध ठरवून आलेल्या रोग्याकडे बघतात. मग साबणाच्या डबीएवढी एक काळी डबी काढून दिली. पुढे दोन बटणं, मागे तीन भोकं. बस्स!

घरी येऊन जोडाजोड केली. टर्नटेबलची तार डबीत, डबीची एक तार लॅपटॉपला, दुसरी स्पीकरला, म्हणजे रेकॉर्डिंग होता होता आपल्याला ऐकूही येणार. बाबांनी हलक्या हाताने सुई टेकवली. आम्ही तिघांनी कान टवकारले. गोधडीखाली डास गुणगुणावा तसा आवाज आला.

"बाईंना बरं नाहीये का?" बाबांनी विचारलं.

पुन्हा दुकान. फोनोवाल्या टर्नटेबलचा आवाज मुळातच अशक्त असतो, त्याला वाढवायला आणखी एक चिमुकली डबी लागते, हे मला तिथे समजलं. "मला माहीत होतं, आधी तशीच बघायची होती," असं मी विक्रेत्याला सांगितलं. त्याने मान डोलावली. फार डोलावली.

दुसरी डबी लागली आणि आवाज आला, पण त्याच्याबरोबर 'हूंऽऽऽ' असं घोरणंही आलं. शेजारच्या खोलीत कुणी जाडजूड गृहस्थ झोपलेत की काय, असं वाटावं!

"ही हिरवी तार कशाची, हो?" बाबांनी टर्नटेबलच्या मागून लोंबणारी एक बारीक तार उचलली.

"ती जास्तीची असते, बाबा. कंपन्या देतात."

बाबा उठले. आत जाऊन आपला जुना चिमटा घेऊन आले, चष्मा कपाळावर चढवला आणि ती तार डबीच्या मागच्या स्क्रूला गुंडाळली. घोरणं बंद! खोलीत असं स्वच्छ गाणं भरून राहिलं, की बायको ओल्या हातांनी बाहेर आली.

"आई ग!" ती म्हणाली. "हे तर तुम्ही दवाखाना बंद करताना लावायचात, बाबा. मी पायऱ्यांवर बसून ऐकायचे."

बाबा गालातल्या गालात हसले. मी मनातल्या मनात त्या मसाजच्या खुर्चीला चितपट केलं आणि लॅपटॉपवर लाल ठिपका दाबला. रेकॉर्डिंग सुरू!

लगेच बाबा ताठ बसले आणि त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. बायको चवड्यांवर चालू लागली. मला हसू फुटलं.

"अहो, हे काय? मोठ्याने बोला की!"

"आवाज येईल ना त्यात," बायको कुजबुजली.

"हे बघ," मी मास्तरांसारखा उभा राहिलो, "गाणं सुईतून डबीत, डबीतून लॅपटॉपमध्ये. तारेतून फक्त गाणंच जातं! तू बोल, भांड, मिक्सर लाव, फोनवर ताईशी गप्पा मार. एक अक्षर आत जाणार नाही. विज्ञान आहे हे!"

विज्ञानावर विश्वास ठेवून घर मोकळं झालं. रोज संध्याकाळी मी ऑफिसातून आलो की बाबा रेकॉर्ड पुसून तयार असत. एक बाजू झाली की दुसरी. अधूनमधून मी पडद्यावर बघायचो. हिरव्या रेघा टणाटण उड्या मारत असायच्या. म्हणजे आवाज चाललाय आत! एकदा बाबांनी लॅपटॉपवर थोडं ऐकून शंका काढली.

"गाणं जरा लांबून आल्यासारखं वाटतं, नाही?"

"काळच किती लांबचा आहे, बाबा!" मी म्हणालो. माझ्या हजरजबाबीपणावर मी स्वतःच खूश झालो.

सगळ्या रेकॉर्डी उतरवून झाल्या आणि वाढदिवसाच्या आदल्या दिवशी दुकानदाराची गाडी येऊन खोकी घेऊन गेली. गाडी वळेपर्यंत बाबा खिडकीत उभे होते. मी त्यांच्या हातात पेनड्राइव्ह ठेवला. त्यांनी तो शर्टाच्या खिशात टाकला आणि वरून खिसा दाबून धरला.

वाढदिवसाला ताई आणि साडूभाऊ आले. साडूभाऊंनी या खेपेला उंच, काळा, चकचकीत स्पीकर आणला होता. इतका उंच, की तोही जेवायलाच आलाय असं वाटावं! मी म्हटलं, वा, गाढवाने आपणहून ओझं आणलं! केक कापून झाला. पेनड्राइव्ह त्याच स्पीकरला लावला आणि छोटंसं भाषण केलं. "वस्तू येतात आणि जातात, पण सूर..." वगैरे. साडूभाऊंच्या चेहऱ्यावरचा रंग उतरलेला बघून घेतला आणि बटण दाबलं.

गाणं सुरू झालं. शेजारच्यांच्या घरातून, भिंतीतून, उशीतून यावं तसं! आणि मग, घर्रर्रर्र!

"हे कोणतं वाद्य?" साडूभाऊंनी विचारलं.

"मिक्सर," बायको पुटपुटली.

मिक्सर थांबला आणि त्या उंच, काळ्या, चकचकीत स्पीकरमधून खणखणीत आवाज आला. माझा!

"साडूची ती खुर्ची बघितलीस ना? तीत बसून उठलेला माणूस पिळून वाळत घातलेल्या टॉवेलसारखा दिसतो!"

पाठोपाठ बायको: "शू! पण खरंय हो. ताईला पहिल्यापासून दिखाव्याची हौसच!"

ताईच्या हातातला केक हातातच राहिला. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. लॅपटॉपने डबीकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं! कुठून ऐकायचं ते मी त्याला सांगितलंच नव्हतं, म्हणून तो बिचारा आपल्या स्वतःच्या कानाने, म्हणजे आतल्या माईकने, अख्खं घर ऐकत बसला होता! मी झेप घेऊन पुढचं गाणं लावलं. एखादं तरी बरं निघेल!

पुढच्यात ताईच निघाली. फोन स्पीकरवर होता वाटतं.

"अगं, यांचं काय सांगू तुला! ऑफिसात वाघ, आणि घरात पाल दिसली की थेट खुर्चीवर! ती मसाजची खुर्ची मी उगाच नाही बाबांकडे पाठवली. दिवसभर तिच्यात लोळून असायचे!"

"म्हणजे ती वापरलेली होती?" मी न राहवून विचारलं.

"पाल मोठी होती," साडूभाऊ म्हणाले.

"बंद करा ते!" बायको आणि ताई एका सुरात ओरडल्या. मी घाईघाईत काहीतरी दाबलं. बंद व्हायच्या ऐवजी पुढचं सुरू झालं. या वेळी बाबांचा आवाज. त्यांच्या जुन्या कंपाउंडरशी फोनवर बोलत होते.

"जावई ना? दोन्ही भले आहेत रे. थोरला नुसता दिखाऊ, धाकटा नुसता बोलघेवडा. दोघांचा मिळून एक केला असता, तर बरा जावई झाला असता!"

आणि त्यावर बाबांचं गडगडाटी हसू. ते बराच वेळ चाललं. मागे कुठेतरी बाई बिचाऱ्या गातच होत्या.

मी साडूभाऊंकडे पाहिलं, साडूभाऊंनी माझ्याकडे. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच आम्हाला एकमेकांबद्दल माया वाटली.

"त्या रेकॉर्डवाल्याचं दुकान किती वाजता बंद होतं?" त्यांनी विचारलं.

"चला!" मी म्हणालो.

साडूभाऊंच्या गाडीत आम्ही तिघं निघालो. बाबा मागे बसले होते. मी मान वळवून म्हणालो, "बाबा, चुकलं माझं. तुमच्या इतक्या वर्षांच्या रेकॉर्डी... विकल्या गेल्या असतील तर मी..."

बाबा खिडकीबाहेर बघत होते. "जावईबापू," ते म्हणाले, "मी अजून तसा हसतो, हे मला माहीत नव्हतं हो."

दुकानाचं शटर अर्धं खाली आलं होतं. आम्ही वाकून आत घुसलो. दुकानदाराने आमच्याकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं आणि स्टूल पुढे सरकवलं.

"रेकॉर्डिंग बिघडलं?" त्याने विचारलं.

"तुम्हाला कसं कळलं?"

"काय झालंय? नुसती घरघर आलीय की माईक?"

"माईक," मी खाली मान घालून म्हणालो.

"हं. माईकवालेच जास्त येतात." त्याने कोपऱ्याकडे बोट केलं. आमची खोकी जशीच्या तशी, दोरीसकट! "म्हणून महिनाभर मी खोकी सोडतच नाही. घेऊन जा. सावकाश उतरवा आणि या."

बाबा उठले, एका खोक्यावर हात ठेवून उभे राहिले. साडूभाऊंनी शर्टाच्या बाह्या वर सारल्या आणि सगळ्यांत जड खोकं एकट्याने उचललं. ताई नव्हती बघायला, नाही तर तिला शब्द मागे घ्यावे लागले असते!

तर आता खोकी पुन्हा घरात आहेत आणि इस्त्रीचं टेबल न्हाणीघरात. पण या खेपेला मी कसलीच कसर ठेवायची नाही असं ठरवलं. आधी माईकचा काटा काढला. लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये जाऊन आवाज आत घेणारं जे जे दिसलं, ते ते एकेक करून बंद केलं. वर आणखी खबरदारी म्हणून स्पीकरही बंद ठेवला. बाबांनी सुई टेकवली. मी म्हटलं, बोला आता खुशाल! कोण बोलतंय? ताई आणि साडूभाऊ मुद्दाम आले होते, तेही हाताची घडी घालून बसले. बायकोने शिंक आली ती नाक दाबून परतवली. रेकॉर्ड मुकाट्याने फिरत होती आणि आम्ही पाच शहाणी माणसं तिच्याकडे एकटक बघत बसलो होतो. पडद्यावरची रेघही बघितली मी. एकदम सरळ, शांत. म्हटलं, गेला सगळा गोंगाट!

बाजू संपली. मी तो उंच स्पीकर जोडला आणि बटण दाबलं. सगळे कानात प्राण आणून ऐकू लागले.

खरं सांगतो, मिक्सर नाही, फोन नाही, साडू नाही, पाल नाही. या वेळी कुणाचा म्हणजे कुणाचाही आवाज आला नव्हता.

बाईंचासुद्धा!