पिठाच्या डब्यातली एकादशी

माणूस खोटं बोलला की त्याचा डावा कान हलतो. चाकणला एका कंपनीच्या गेटवर एकतीस वर्षं लोकांचे डबे तपासून मला ही विद्या लाभली. एकदा तर पोळीत गुंडाळलेलं बेअरिंग मी नुसत्या वासावरून पकडलं होतं! तेव्हा घरातले चार मोबाईल एक दिवस गप्प बसवणं म्हणजे माझ्या हातचा मळ.

मुलगा सलिल हिंजवडीला नोकरीला. सून चारुलता, नात ओवी. तिघंही सदा फोनवर वाकलेली. त्यांचे चेहरे मी विसरत चाललो होतो, टाळू मात्र पाठ होत्या! म्हणून मी जाहीर केलं, या एकादशीला उपवास पोटाचाही आणि मोबाईलचाही. दिवसभर पोथी, देव आणि एकमेकांशी बोलणं.

सलिलनं रजा काढली, पण अट घातली. "बाबा, दिवेलागणीपर्यंत डबा उघडला नाही, तर दर एकादशीला असंच करू. कुणी उघडला, तर हा विषय कायमचा बंद."

आणखी काय हवं होतं मला? पण बोलताना त्याचा डावा कान हलल्यासारखा वाटला.

पहाटे पाचला चारही फोन पिठाच्या रिकाम्या डब्यात गेले. झाकणाला सुतळी, गाठीवर मेण, मेणावर माझा अंगठा. डबा देवघरात बाळकृष्णापुढे ठेवला आणि दाराच्या बेलची वायरही काढून टाकली.

मग माझी गस्त सुरू झाली. सलिल न्हाणीघरात अकरा मिनिटं होता. का? ओवी स्वतःशीच हसत होती. कशाला? साबुदाण्याची खिचडी मी तळापर्यंत ढवळून पाहिली. शेंगदाणेच निघाले.

चारुलतानं पोथी वाचायला घेतली. पोथी चालू असताना बोलायचं नाही, हा आमच्याकडचा नियम. तेवढ्यात डबा वाजू लागला. एक फोन थांबला की दुसरा. थरथरत थरथरत डबा देवाकडे सरकायला लागला! हा नक्की सलिलच्या हापिसातल्या मित्रांचा कट. मी डोळे वटारले. कुणी हललं नाही. माझा संशय बळावला आणि सलिलच्या पँटचे खिसे तपासायला मी आतल्या खोलीत गेलो.

माझ्यामागे काय घडलं ते नंतर कळलं. दार वाजलं. सलिलनं उघडलं. दारात भिमाजी, गेटवरचा माझा जुना जोडीदार, याच सोसायटीत राहणारा. सलिल उघडाबंब, कपाळाला गंध, बोलायची बंदी, म्हणून त्यानं नुसते हात जोडले. आत पोथी चाललेली. भिमाजीनं त्याला छातीशी धरलं, डोळे पुसले आणि निघून गेला. सलिलला वाटलं, पोथी ऐकून काका गहिवरले.

पोथी संपल्यावर मी खिडकीतून पाहिलं, तर पार्किंगमध्ये तीस-चाळीस माणसं, पांढऱ्या कपड्यांत, हळू आवाजात बोलत उभी. बिल्डिंगमधलं कुणीतरी गेलं, हे उघड होतं. शेजारधर्म म्हणून उपरणं टाकलं, खाली गेलो आणि गर्दीत मागे उभा राहिलो. शेजारी सी विंगचा नवा भाडेकरू होता, लातूरकडचा.

"कोण गेलं हो?" मी हळूच विचारलं.

"बी विंगचे दत्तोबा काका. मी कधी बघितलं न्हाई त्यायला. पण रोज साडेपाचला ग्रुपवर त्यांचं शुभ सकाळ यायचं, सहा वर्षांत खाडा न्हाई म्हणतात. आज आलंच न्हाई. घरचे चौघंबी फोन उचलंनात."

त्यानं उसासा टाकला. "माणूस चांगला असंल. पण फोटो लई जड पाठवायचा, आमचा मोबाईल भरून जायचा."

मी त्याच्या डाव्या कानाकडे पाहिलं. हलला नाही.

तेवढ्यात भिमाजीनं मला पाहिलं. त्याच्या हातातला हार गळून पडला. "दत्तोबा, तू हायस व्हय?"

आहे म्हणालो. पण तोवर त्यानं मंचरला माझ्या बहिणीला, कुसुमताईला कळवलं होतं. ती हृदयाची पेशंट. एसटीत बसून रडत निघालेली. भिमाजीच्या फोनवरून मी तिच्याशी बोललो. ती ऐकेना. संशय आमच्या घराण्यातच आहे!

"आजकाल मशीन मेलेल्या माणसाचा आवाज काढतं," ती हुंदके देत म्हणाली. "दत्ता असेल तर त्यानं स्वतःच्या फोनवरून तोंड दाखवावं."

मी वर आलो. डब्यापुढे तिघं उभी होती.

"आजोबा, दिवेलागणीला अजून आठ तास आहेत," ओवी म्हणाली.

काय करणार? स्वतःचा अंगठा स्वतःच फोडला. आत चारही फोन, पिठानं माखलेले. मी दोनदा मोजले. कुणी लबाडी केलीच नव्हती. कुसुमताईला तोंड दाखवलं, तिनं पोटभर शिव्या दिल्या आणि मी खाली मान घालून बसलो. विषय कायमचा बंद.

"डबा आजोबांनी उघडला," ओवी बापाला म्हणाली. "आपण तिघांनी कुठे उघडला?"

सलिलनं माझ्याकडे पाहिलं, तीन फोन परत डब्यात टाकले आणि मेणावर स्वतःचा अंगठा उमटवला.

आता दर एकादशीला तिघं पोथीला बसतात, गप्पा मारतात, हसतात. मला मात्र फोन बाहेर ठेवावा लागतो. दर दोन तासांनी ग्रुपवर जिवंत असल्याचं कळवायचं, असा सोसायटीचा ठरावच आहे.

"सोसायटीला मी सांगते," परवा ओवी म्हणाली. "एक दिवस ठेवा ना तुमचाही डब्यात."

"मला काय हौस आहे गं फोनची?" मी म्हणालो.

कार्टी माझ्या डाव्या कानाकडे बघत होती.