गांगुर्डेकाकांचा बेंड

गांगुर्डेकाकांना जेवायला बोलावलं की घरातला एक चमचा वाकडा होणार, हे सातपूरच्या आमच्या कॉलनीत सगळे धरूनच चालत. ताट समोर आलं की काका आधी चमचा उचलत, उजेडात धरून बघत आणि अंगठ्याच्या एका दाबात त्याची मान आतल्या बाजूला वळवत. मग मनगट लाकडासारखं ताठ ठेवून त्याच चमच्यानं जेवत. निम्मं वरण तोंडात, निम्मं शर्टावर. उठताना माझ्या आईला सांगत, "स्टील हलकं हाय वहिनी. बेंड धरत नाय."

आईनं शेवटी त्यांच्यासाठी एक जुना चमचा वेगळा काढून ठेवला. पुढच्या वेळी त्यांनी तो ओळखला आणि दुसऱ्या बाजूनं वळवून पाहिला.

काका मूळचे सायखेड्याकडचे. सगळं आयुष्य एका कारखान्यात पाइप फिटर म्हणून गेलं. निवृत्तीच्या दिवशी कारखान्यानं शाल दिली, घड्याळ दिलं. 'बेंड' हा शब्द काका न विचारता घरी घेऊन आले. आपल्याला बोलायला ढीगभर शब्द लागतात, काकांचं या एकावर भागायचं. घर कुठं? "पिठाच्या गिरणीच्या बेंडला." कंबर धरली की "बेंड आलाय." कामचुकार पोरगं "बेंड मारतंय." मतं मागायला उमेदवार हात जोडून दारात आला की काका आत हाक मारून सांगत, "चहा टाक गं, आज सायबाला फुल बेंड हाय!" उमेदवार बिचारा हसायचा. त्याला तो मानच वाटायचा.

माझ्याशी त्यांचं वेगळंच भांडण होतं. तेव्हा आमच्या युवक मंडळाची पत्रकं मी लिहायचे. पाणी, रस्ते, रेशन. विषयांना तोटा नव्हता आणि माझ्या रागालाही. नवं पत्रक निघालं की काका चष्मा लावून ते पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचत आणि निकाल देत, "पोरी, तुझी सगळी वाक्यं एल्बो असत्यात."

एल्बो म्हणजे काटकोनात वळणारा पाइपाचा तुकडा. पाणी त्यावर जाऊन आदळतं. बेंड लांबून, सावकाश वळतो.

"आदळल्याशिवाय महापालिकेला ऐकू जात नाही, काका."

"आदळ की. पण गळती लागती ती एल्बोलाच."

एकदा मात्र माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "तुम्ही आम्हाला वाकायला शिकवू नका. आपली माणसं पिढ्यान्‌पिढ्या तेच करत आली."

काकांनी चष्मा काढला. "वाकायला मी कधी म्हनलो? तो शब्द मी तोंडात घेत नाय. माझा बाप वाकायचा. पाटलाच्या दारावरून जाताना वाकायचा, आपलीच मजुरी घेताना वाकायचा. बेंड मला कारखान्यात घावला. तिथं बेंड देणारा मी होतो. मला द्यायची कुणाची छाती नव्हती." मग चष्मा पुसत, "न् आधी पाइपात वाळू ठासून भरायची. पोकळ असला तर चपटतो. आतून भरलेला असला की वळतो, मोडत नाय."

त्या रात्री नवं पत्रक लिहायला घेतलं, तर पहिलंच वाक्य एल्बो निघालं.

काकांच्या घरी शेवंताकाकू होत्या. बुद्धपौर्णिमेची खीर म्हणजे शेवंताकाकूंची, असं कॉलनीत ठरलेलंच. विहाराच्या अंगणात मोठं पातेलं चढायचं आणि पदर खोचून काकू पंगतीत स्वतः वाढायच्या. कुणी 'पुरे' म्हटलं तर त्यांना ऐकू यायचं नाही. मग त्यांना अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, चालायलाही लागल्या, पण उजवं मनगट वळेना. घास तोंडापर्यंत येऊन बाहेरच सांडायचा. डाव्या हातानं जेवायला त्या तयार नव्हत्या. "तो हात जेवायचा नाय," एवढंच.

त्याच्या पुढच्या पौर्णिमेला त्या पंगतीत बसल्या. शेजारच्या एका बाईनं कळवळून त्यांना भरवायला घेतलं. सगळ्यांदेखत. वर पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "बिचारी, काय होती न् काय झाली." काकू अर्ध्या पंगतीतून उठल्या. तेव्हापासून त्या कुठल्याच कार्यक्रमाला आल्या नाहीत. दया हा अपमानाचा सगळ्यात गोड प्रकार आहे, यावर मी एक पत्रक लिहिणार होते. कुणाच्या नावानं काढायचं, ते कळेना.

पुढच्या वर्षी पंगतीच्या भांड्यांची जबाबदारी माझ्याकडे आली. पौर्णिमेच्या सकाळी विहारात गेले, तर ओसरीवर गांगुर्डेकाका मांडी घालून बसलेले. समोर मंडपवाल्याकडून आणलेली चमच्यांची पाटी. एकेक चमचा उचलायचा, मान वळवायची, बाजूला ठेवायचा. पाटी जवळपास संपत आली होती.

"काका! भाड्याचे आहेत ते!"

"स्टील चांगलं हाय," काका खाली बघतच म्हणाले. "बेंड धरतंय."

"मंडपवाला काय म्हणेल?"

"संध्याकाळला सरळ करून देतो. बेंड उलटा बी देता येतो."

"पण कशासाठी?"

त्यांचा अंगठा सुजून लाल झाला होता. तो त्यांनी धोतराच्या सोग्यात गुंडाळला.

"घरी जमतंय तिला आता. असा आत वळलेला चमचा असला की मनगट न वळवता खाती. लय चमचे खराब केले तेव्हा माप घावलं. पण इथं यायला नाय म्हनती. 'सगळ्यांचे चमचे सरळ न् माझा एकटीचा वाकडा, पुन्हा लोकांना बघायला बरं,' म्हनती." त्यांनी पुढचा चमचा उचलला. "मग म्हनलो, सगळ्यांचेच."

आमच्या घरी शर्टावर सांडलेलं वरण मला आठवलं. ताठ धरलेलं मनगटही. मी शेजारी बसून एक चमचा घेतला. माझा मोडला. काका म्हणाले, "एल्बो."

दुपारी काकू आल्या. भिंतीला धरून, उजवा हात पदराखाली. पंगतीत बसल्या, पण हात पदराखालीच. द्रोणात खीर पडली, शेजारी चमचा आला. त्यांनी चमच्याकडे पाहिलं. शेजारणीच्या चमच्याकडे पाहिलं. मग सगळ्या पंगतीवरून नजर फिरवली.

पंगतीत हाहाकार होता. शाळेतल्या गुरुजींच्या मिशीला शेवया. पोरं चमचा उलटा धरून ओरपत होती. "कुठून आणले गं हे असले चमचे?" म्हणून मला चारी बाजूंनी शिव्या. गेल्या वेळी भरवणाऱ्या बाईच्या पदरावर तर खिरीचा ओघळच. काकूंनी हात बाहेर काढला. चमचा भरला, मनगट ताठ, सरळ तोंडात. एक थेंब सांडला नाही. दुसरा घास. तिसरा. मग शेजारणीकडे वळून म्हणाल्या, "अगं, मनगट कशाला फिरवतीस? ताठ धर. आण इकडं, दाखवते."

काका पंगतीत नव्हते. अंगणाच्या कोपऱ्यातल्या नळापाशी पाठमोरे उभे राहून पान्यानं तो आवळत होते. नळ त्यांनीच बसवलेला, कधी गळलेला नव्हता. मी जवळ गेले.

"खाल्ली का?" त्यांनी मान न वळवता विचारलं.

"पुन्हा मागितली. आणि वेलदोडा कमी पडलाय म्हणाल्या."

"हां," काका म्हणाले आणि पाना आणखी एक पीळ फिरवला. कट् असा आवाज झाला आणि नळाच्या जोडातून पाण्याची चिळकांडी थेट त्यांच्या तोंडावर उडाली. आयुष्यभर पाइप जोडणारा माणूस ती बंद करायचं सोडून तसाच उभा राहिला. मीही बोळा आणायची घाई केली नाही. त्यांचं तोंड आधी नीट ओलं होऊ दिलं.