शेजारच्या सीटची ऊब

कंपनीने लीजच्या गाडीचा अर्ज हातात दिला, त्या दिवसापासून तपासनिसाच्या घरात दुसरा विषय निघाला नाही. अर्ज सहा पानी होता. गाडी कोणती हे कंपनीनेच ठरवलं होतं, रंगही दोनच होते. पण शेवटच्या दोन पानांवर चौतीस जादा सोयींची यादी होती आणि त्यांतल्या कुठल्याही पाच घ्यायला परवानगी होती. एकदा खुणा करून सही केली की तीन वर्षं बदल नाही. गाडी आपल्या मालकीची नसल्यामुळे नंतर तिला साधा हूकसुद्धा लावता येणार नव्हता.

तपासनीस नळाच्या कारखान्यात होता. तयार नळ जोडायचा, पाणी सोडायचं, बंद करायचं, मिनिटभर बघत राहायचं आणि थेंब पडला नाही तर शिक्का मारायचा, हे काम तो अठरा वर्षं करत होता. मिनिटभर निरखल्याशिवाय कशावर विश्वास ठेवायची त्याला सवयच नव्हती. अशा माणसापुढे चौतीस सोयी कागदावर मांडल्यावर व्हायचं तेच झालं. तीन आठवडे अर्ज त्याच्या डब्याच्या पिशवीतून घरून कारखान्यात आणि कारखान्यातून घरी फिरत राहिला, आणि एका कोपऱ्याला त्याला लोणच्याचा डाग पडला.

सल्ला द्यायला माणसं कमी नव्हती. स्टोअरकीपरने उघडणारं छप्पर घेतलं होतं आणि तपासनिसानेही तेच घ्यावं असा त्याचा आग्रह होता. तू ते कधी उघडतोस, असं विचारल्यावर त्याने आठवून पाहिलं आणि एकदा उघडलं होतं म्हणाला, गाडी आणली त्या दिवशी. पॅकिंगच्या साहेबांच्या गाडीत चौसष्ट रंगांचे दिवे होते. एकदा चुकून गुलाबी लागले ते कसे बदलायचे हे त्यांना अजून सापडलं नव्हतं, आणि गेलं वर्षभर ते गुलाबी उजेडात कामावर येत होते. हे सगळं ऐकून तपासनिसाने पहिल्या चार खुणा केल्या: मागचा कॅमेरा, जादा चाक, धुक्याचे दिवे आणि पटकन पुसता येणाऱ्या काळ्या सीटा. चारही गोष्टी त्याच्यासारख्याच होत्या, सरळ आणि कंटाळवाण्या.

पाचवी खूण अडली. एका संध्याकाळी आई कंबरेला गरम पाण्याची पिशवी लावून बसलेली त्याला दिसली आणि त्याची नजर यादीतल्या एकोणतिसाव्या ओळीवर गेली. सीट गरम करण्याची सोय. हवा गार झाली की आपोआप सुरू. त्याने लीजच्या ऑफिसात फोन लावला. तिथल्या बाईंनी सांगितलं की पुढच्या दोन्ही सीटा गरम हव्या असतील तर त्या दोन सोयी धरल्या जातील. "मग माझी राहू द्या," तो म्हणाला. "शेजारची करा." एवढा त्याग केल्यावर त्याला स्वतःबद्दल फारच बरं वाटलं. त्या रात्री तो दोन घास जास्त जेवला.

आता इथे त्याच्या स्वभावाचा एक वाकडेपणा सांगायला हवा. कुणासाठी काही चांगलं केलं की तो सांगत नसे. सांगून केलं तर त्यात मजा काय, असं त्याचं म्हणणं. खरं म्हणजे त्याला मजा नको होती, कौतुक हवं होतं, आणि तेही न मागता. एकदा त्याने स्वयंपाकघरातला दिवा बदलून जास्त उजेडाचा लावला आणि बायकोच्या लक्षात येण्याची अकरा दिवस वाट पाहिली. बाराव्या दिवशी तो रुसला. बायकोला रुसण्याचं कारण कळायला आणखी चार दिवस लागले. तेव्हा गरम सीटबद्दल त्याने आईला किंवा बायकोला एक अक्षर सांगितलं नाही, हे ओघानंच आलं.

गाडी आली ती ऐन उन्हाळ्यात. सीट गरम होण्याचा प्रश्नच नव्हता. उन्हात उभी केली की सगळीच गाडी तापायची. पण गाडीमुळे आईचे शनिवार सुरू झाले. तिची थोरली बहीण, म्हणजे तपासनिसाची मावशी, दीड तासावरच्या गावात दुसऱ्या मजल्यावर एकटी राहायची. वय शहात्तर, खोल्या दोन, आणि त्या दोन खोल्यांत तिची तीस वर्षं गेलेली. मुलगा अकरा तासांच्या अंतरावर होता आणि सहा वर्षं तिला बोलावत होता. "माझं घर आहे," एवढंच ती म्हणायची. बायकोला शनिवारी अर्धा दिवस टपाल खात्याच्या खिडकीवर बसावं लागे, म्हणून तपासनीस आणि आई दोघंच जायचे. तिकडे पोचलं की तो खुर्चीत पेंगायचा आणि दोघी बहिणी बोलत बसायच्या. काय बोलायच्या ते त्याने कधी ऐकलं नाही, पण त्या दिवसांत आईला गरम पाण्याची पिशवी फारशी लागली नाही हे मात्र खरं.

मग एका शनिवारी सकाळी थंडी पडली. काचेवर वाफ धरली होती. तपासनिसाने गाडी सुरू केली. आज आईला कळणार होतं.

आई शेजारच्या बिऱ्हाडातल्या भांडणाची हकीकत सांगत होती. मोठ्या रस्त्याला लागल्यावर ती वाक्याच्या मध्येच थांबली. ताठ बसली. तिचा एक हात हळूच खाली गेला आणि चटकन वर आला. मग अंगावरची शाल काढून तिने घडी केली आणि खाली घेतली. तपासनीस हे सगळं डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघत होता.

"काही वाटतंय का?" त्याने जमेल तितक्या साळसूदपणे विचारलं.

"नाही."

"काहीच नाही?"

"नाही म्हटलं ना. समोर बघून चालव."

पुढचा तासभर ती बोलली नाही. आनंदाने कंठ दाटून आला असेल, अशी तपासनिसाने स्वतःची समजूत घातली. गाडी थांबल्यावर आई उतरली, मागे वळून बराच वेळ सीटकडे पाहत राहिली आणि तिच्यावरून तिने हात फिरवला. बघ, आता बोलेल, असं त्याला वाटलं. पण ती जिना चढून थेट मावशीच्या न्हाणीघरात गेली.

त्या दिवशी मावशीला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यायचं होतं. निघताना आई पुढच्या सीटवर बसायलाच तयार होईना. "ताई, तू बस पुढे. मला मागे पाय पसरता येतात." मावशी पुढे बसली. वळण येईपर्यंत तिचंही बोलणं बंद झालं. तिने आपली कापडी पिशवी हळूच खाली सरकवली, आरशातून मागे बहिणीकडे एकदा पाहिलं आणि खिडकीबाहेर बघत राहिली. तपासनिसाचं मन आता दुखावलं गेलं. दोन बायका, दोघींच्या कंबरा दुखऱ्या, आणि कौतुकाचा एक शब्द नाही. मग आपण होऊन तर आपण मुळीच सांगायचं नाही, असं त्याने ठरवलं.

पुढच्या शनिवारी आईचं डोकं दुखत होतं. त्याच्या पुढच्या शनिवारी मावशीचाच फोन आला की इकडे नळाला पाणी नाही, येऊ नका. तिसऱ्या शनिवारी दोघींनाही काहीतरी होतं. आई सकाळचा चहा अर्धा टाकून द्यायला लागली. पाण्याचा पेला भरून ठेवायची आणि संध्याकाळी तसाच ओतून टाकायची. खाली भाजी आणायला जाणंही तिने बंद केलं. बायकोने दोनदा विचारलं, तेव्हा वयाप्रमाणे भूक तहान कमी होते, असं उत्तर मिळालं. तपासनिसाला वाटलं आई गाडीवर नाराज आहे, आणि त्याने स्वतःही थोडं नाराज राहायचं ठरवलं.

आणि मग जे कुणालाच खरं वाटलं नाही ते झालं. मावशीने स्वतः फोन करून मुलाला न्यायला बोलावलं. सहा वर्षं नाही म्हणणारी बाई तीन आठवड्यांत घर सोडायला तयार झाली. तपासनीस सामान चढवायला मदतीला गेला. आई निरोप द्यायला आली नाही. गुडघे धरलेत म्हणाली आणि फोनवरच बोलली. ट्रक भरल्यावर मावशीने तपासनिसाचा हात धरला. "आईला जप," ती म्हणाली. "तिला कशावरून बोलू नकोस. तिचं वय झालंय." असं सगळेच म्हणतात, म्हणून तो हो म्हणाला.

त्यानंतर आठ दिवसांनी आईला स्वयंपाकघरात चक्कर आली. समोरच्या इमारतीतल्या डॉक्टरीणबाई येऊन गेल्या. त्यांनी ताकदीची औषधं लिहून दिली, पण रोग कुठला त्यांना सापडला नाही. या बाई पाणी पीत नाहीत, एवढंच त्या म्हणाल्या आणि का पीत नाहीत ते घरच्यांनी शोधावं असं सांगून गेल्या.

रविवारी सकाळी औषधं आणायला तपासनीस आणि बायको निघाले. बायको त्या थंडीत पहिल्यांदाच पुढे बसली होती. पाच मिनिटांत ती सीटवरून अर्धी उठली.

"गाडी थांबव. खाली काहीतरी सांडलंय. गरम लागतंय."

तपासनिसाचा चेहरा उजळला. इतक्या महिन्यांनी कुणाच्या तरी लक्षात आलं होतं. त्याने यादी, एकोणतिसावी ओळ, आपला त्याग, सगळं भडाभडा सांगून टाकलं. बायको हळूहळू पुन्हा खाली बसली. ती कौतुक करील म्हणून तो थांबला. ती रस्त्याकडे बघत होती.

"आईंना सांगितलं होतंस?"

"सांगायचं काय त्यात? कळतंच की बसल्यावर."

"काय कळतं?" बायकोने विचारलं. "सत्तरीच्या बाईला चालत्या गाडीत एकाएकी खालून गरम लागलं, तर तिला काय कळतं?"

गल्लीच्या तोंडाशी गाडी उभी करून तपासनीस बराच वेळ स्टिअरिंगवर हात ठेवून बसला. गळती ओळखण्यात अठरा वर्षं घालवलेल्या माणसाला हे सुचायला बायको लागली होती. त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की औषधं न घेताच ते घरी परतले.

आई खाटेवर पडून होती. त्याने सांगायला सुरुवात केली, तीनदा चुकला, शेवटी अर्जाची प्रत काढून तिच्यापुढे धरली. आईने चष्मा लावून ती ओळ दोनदा वाचली.

"कपडे कोरडे होते रे," ती म्हणाली. "ताईकडे गेल्या गेल्या बघितलं मी. ओलं असतं तर निदान समजलं असतं. कोरडं असून ओलं वाटतं म्हणजे आता डोक्यातच काहीतरी झालं, असं वाटलं मला. कुणाला सांगणार?"

मग ती उठून माठाशी गेली आणि एक पेला पाणी प्यायली, आणखी एक प्यायली आणि तिसरा अर्धा. पेला खाली ठेवताना तिचा हात थांबला.

"ताईला फोन लाव."

फोन मावशीच्या सुनेने उचलला, मग मावशी आली. आईने सगळं सांगितलं, सीट कशी आपोआप गरम होते तेही. तपासनीस फोनजवळ कान नेऊन उभा राहिला.

"म्हणजे धाकटे, तुला काही झालं नव्हतं?" मावशी म्हणाली.

"नाही गं. तुलाही काही झालं नव्हतं. तेच सांगायला फोन केला."

"मला माझं वाटलंच नव्हतं," मावशी म्हणाली. "तू त्या जागेवर बसून आली होतीस. आणि मला पुढे बसवून स्वतः मागे गेलीस. मला वाटलं, तुझं झालंय."



"दीड तास येणं, दीड तास जाणं," मावशी सांगत होती. "मी तिथे आहे तोवर तू यायची थांबणार नाहीस, आणि दर वेळी तुझी फजिती होणार. कायमचंच नको येऊस म्हटलं तर खरं कारण सांगावं लागलं असतं. म्हणून म्हटलं, आपणच लांब जावं."

"अगं, घर सोडलंस तू."

"हो. नवीन माणसं आली तिथे राहायला. त्यांनी दाराला हिरवा रंग दिलाय म्हणे. इथे बरं आहे. जेवण वेळेवर मिळतं. खिडकीतून भिंत दिसते."

तपासनिसाने फोन मागितला. माफी मागायची म्हणून त्याने तोंड उघडलं आणि त्याच्या तोंडून एवढंच निघालं की मावशी, मला सांगायला हवं होतं. तीही होय म्हणाली. रागावली असती तर त्याला सोपं गेलं असतं.

पुढच्या शनिवारी आई सकाळी आठ वाजता तयार होऊन, पोटभर चहा पिऊन खाली उतरली आणि कुणी न सांगता पुढच्या सीटवर जाऊन बसली. तपासनिसाने गाडी सुरू केली. काचेवरची वाफ पुसली.

"कुठे जायचं?"

आईने विचार करून पाहिला. तिला जायचं असं ठिकाण एकच होतं, आणि मावशी आता तिथे नव्हती. "कुठे नाही," ती म्हणाली. "बसू जरा. ताईला लाव."

त्याने फोन लावला आणि तिच्या हातात दिला.

"ताई, मी गाडीत बसलेय. पुढे."

"तापली का?" मावशीने विचारलं.

"तापतेय आता."

"कंबरेला बरं वाटतं?"

"खूप बरं वाटतं," आई म्हणाली. तपासनिसाने गाडी तशीच चालू ठेवली.