घड्याळजींची जर्मेनियमची जोडी

रविवारी सकाळी घड्याळजींनी जेवणाच्या टेबलावर वाटाण्याएवढे बत्तीस जुने ट्रान्झिस्टर मांडले आणि घरातले सगळे पंखे बंद करायला लावले. संध्याकाळी मेहुण्याचा कार्यक्रम होता. त्याच्या गिटारसाठी ते फझ पेडल बनवत होते, म्हणजे चांगला सूर मुद्दाम खरखरीत करणारी, पायाने दाबायची डबी. मागची डबी ऐन कार्यक्रमात मुकी झाली होती. हीपण बिघडली तर यापुढे दुकानातलीच घेईन, असं मेहुण्याने बहिणीमार्फत कळवलं होतं. ते घड्याळजींच्या फार जिव्हारी लागलं होतं.

डबीला दोन ट्रान्झिस्टर लागतात, तेही जर्मेनियमचे. आवाज वाढवण्याची ताकद एकाची सत्तर हवी, दुसऱ्याची एकशेवीस. पण ही जात भारी नखरेल. नुसतं बोट लागलं तरी तापून आकडा चढतो. म्हणून घड्याळजी एकेक चिमट्याने उचलत, मीटरमध्ये खोचत, श्वास रोखून आकडा बघत आणि चिठ्ठीवर लिहून ठेवत. एकोणतिसाव्याला पंखा सुरू झाला आणि चिठ्ठ्या घरभर झाल्या.

"कोणी लावला पंखा?"

"मी," बायको घाम पुसत म्हणाली. "माणसंपण तापतात म्हटलं."

पुन्हा मोजायला बसेपर्यंत दुपार झाली, खोली तापली आणि सगळेच आकडे वर सरकले. घड्याळजींनी कपाळाला हात लावला. मग घरातली सगळ्यांत गार जागा म्हणून मीटर, चिमटा आणि स्टूल घेऊन ते न्हाणीघरात शिरले आणि आतून कडी लावली. सासरे दोनदा दार वाजवून शेवटी शेजाऱ्यांकडे आंघोळ करून आले. चार वाजता घड्याळजी बाहेर पडले ते लढाई जिंकल्यासारखे. सत्तर आणि एकशेवीस, अगदी बरोब्बर जोडी जमली होती.

पाच वाजता, जोडी डबीत बसवून होते न होते तोच मेहुणा आला. उकडत्या बैठकीत त्याने डबीला गिटार जोडली, तार छेडली, आणि सर्दी झालेला रेडा शिंकावा तसा आवाज आला. घड्याळजींचं तोंडच उतरलं. त्यांनी डबी उघडायला हात पुढे केला.

"हात लावू नका, भावजी. वर्षभर हाच आवाज शोधतोय मी."

"अरे, हा बिघाड आहे. खोली तापलीय म्हणून असं वाजतंय."

"मग बिघडलेलीच द्या."

बिघडलेली वस्तू घड्याळजींच्या हातून आजवर कोणाकडे गेली नव्हती. ते डबी सोडेनात, मेहुणाही सोडेना. शेवटी बायकोने दोघांच्या हातून ती ओढून भावाच्या पिशवीत टाकली आणि नवऱ्याला चपला घालायला सांगितलं.

सभागृहात एसी असा सोडला होता की न्हाणीघर परवडलं. मेहुण्याने डबीवर पाय दाबला आणि खरखर निघाली ती मऊ, भरदार, कुठे एक काटा नाही. घड्याळजींना भरून आलं. दिवसभराच्या मेहनतीचं चीज झालं होतं. त्यांनी बायकोला कोपराने ढोसलं.

"ऐकलंस? सत्तर आणि एकशेवीस."

बायको मंचाकडे बघत होती. मेहुणा गाणं अर्धवट सोडून खाली उकिडवा बसला होता आणि डबी दोन्ही तळव्यांनी जोरजोरात चोळत होता. मग तो उठला आणि सगळ्या सभागृहाला ऐकू जाईल असं माइकमध्ये म्हणाला, "भावजी, हीपण बिघडली."