अर्ध्या इंचाचा बाक

सासरे सासूबाईंना घेऊन आठ दिवसांसाठी थोरल्या मुलीकडे गेले आणि जाताना घराच्या किल्ल्या धाकट्या जावयाच्या हातात ठेवून गेले. लग्नाला नऊ वर्षं झाली होती. एवढा विश्वास त्यांनी पहिल्यांदाच टाकला होता. जुडग्यात सायकलचीही किल्ली होती. ती चुकून राहिली होती, हे जावयाला बायकोने तिसऱ्या दिवशी सांगितलं. तोवर तो फाटकाच्या खांबाला धडकून सायकलसकट आडवा झाला होता.

जावयाचं कोपर खरचटलं. सायकलचा पुढचा चिमटा, ज्याच्या दोन पायांत चाक फिरतं तो, वाकडा झाला.

"बाबांनी जन्मभर वजनमापं तपासली," बायको म्हणाली. "किलोत पाच ग्रॅम कमी असले तरी त्यांना नुसतं हातावर कळायचं. रविवारी येतायत."

"मग आता?"

"आता तू बघ. किल्ल्या तुझ्याकडे आहेत."

पहिल्या दुकानदाराने चिमट्याचं नाव ऐकून सांत्वनाला आल्यासारखा चेहरा केला. "सुटा भाग कोण बदलतो हल्ली? अख्खी सायकलच घ्या." दुसऱ्याने नमुना मागितला. म्हणून जावयाने गल्लीतल्या मिस्त्रीकडून चिमटा काढून घेतला. तो पाहून तिसरा म्हणाला, "ही कंपनी कधीच बंद पडली. ह्या मापाचा कुठेच मिळायचा नाही." चार दिवस अर्धी रजा टाकून, काखेत चिमटा मारून हिंडल्यावर जावई पुन्हा मिस्त्रीच्या दारात येऊन बसला. मिस्त्रीने माळ्यावरून त्याच मापाचा कोरा चिमटा काढून दिला.

"अहो, आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही काढायला सांगितलात. हवाय असं कुठे म्हणालात?"

मिस्त्रीने दोन्ही चिमटे शेजारी धरले. "साहेब, ह्यात बाक दोन आहेत. खालचा ताजा. वरचा अर्ध्या इंचाचा, तो जुना, गंज धरलाय त्याने. तुमचा कुठला?"

जावयाला आठवलं, ही सायकल कायम डावीकडे ओढायची. सरळ चालली, तर सासरे फाटकापाशीच ओळखतील.

"नव्यातही वरचा बाक काढा," तो म्हणाला.

"कोरा चिमटा वाकवू?"

"अर्धा इंच. मोजून."

तीस वर्षं वाकडं सरळ करण्यात घालवलेल्या मिस्त्रीने एकदा वर पाहिलं आणि चिमटा शिकंज्यात अडकवला. नवेपणा दिसू नये म्हणून वरून पॉलिशपेपरही मारला.

रविवारी सासऱ्यांनी अंगणात एक फेरी मारली. सायकल डावीकडे ओढली. जावयाचा जीव भांड्यात पडला.

"जशीच्या तशी ठेवलीत, जावईबापू," सासरे उतरत म्हणाले. मग पिशवीतून त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी लांबलचक काढलं. तो चिमटा होता. कोरा, सरळ.

"अकरा वर्षांपूर्वी ह्याच खांबाला धडकलो होतो मी," ते आवाज उतरवून म्हणाले. "तुमच्या सासूबाईंना अजून ठाऊक नाही. तेव्हापासून शोधतोय, थोरलीच्या गावात मिळाला. बसवायला मिस्त्री आहे कोणी माहितीतला?"

"नाही," जावई घाईने म्हणाला.

पण गल्लीत मिस्त्री एकच होता आणि सासऱ्यांनी फाटकातूनच त्याला हाक मारली. त्याने तो सरळ चिमटा हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि सासऱ्यांना ओलांडून जावयाला शांतपणे विचारलं,

"साहेब, हा पण अर्धाच इंच ना?"