तारा कुणाची?

घड्याळजींना मुलीचं नाव नोंदवायला सवड मिळाली ती चौथ्या महिन्यात. लोकांची घड्याळं वेळेवर आणणारा हा माणूस स्वतः कुठेच वेळेवर पोचत नसे. जन्मनोंदणीच्या खिडकीशी ते उभे राहिले, तेव्हा नवा अर्ज लागू होऊन बरोबर एक दिवस झाला होता. अर्जात एक रकाना वाढला होता : 'नावाचे मूळ (कोणतेही एकच)'.

"नाव?" खिडकीतल्या बाईंनी विचारलं.

"तारा."

"मूळ?"

"माझ्या आजीचं नाव होतं. तिच्याच मांडीवर वाढलो मी."

"आजी हा पर्याय यादीत नाही." बाईंनी नाव यंत्रात घातलं आणि त्यांचे डोळेच विस्फारले. "अहो, हे काय आणलंत? ही बौद्धांची देवी आहे, वानरराजाची राणी आहे, कुठल्याशा बेटावरची राजांची टेकडी आहे, थंड देशातली नदी आहे... आणि खाली वीजखात्याच्या तारा! एवढ्याशा नावाला इतके मालक?"

प्रकरण 'नाममूळ निश्चिती समिती'कडे वर्ग झालं. तीन धर्मांचे तीन प्रतिनिधी, एक निवृत्त प्राध्यापक आणि केवळ अनेकवचनामुळे वीजखात्याचा एक अभियंता. नाव आमचंच, असं प्रत्येकाने टेबल बडवून सांगितलं. एकाच्याही घरात तारा नावाची मुलगी नव्हती. पण तो विषय कार्यक्रमपत्रिकेवर नव्हता.

प्राध्यापक म्हणाले, "दोन अक्षरं आहेत. माणसाच्या जिभेवर सहज बसतात. ज्याला त्याला आपापली सुचली असतील."

इतिवृत्तात याची नोंद 'अवांतर' अशी झाली. पुढच्या बैठकीत त्यांची खुर्ची मांडली नव्हती.

सर्व दावेदारांची ना हरकत पत्रं आणावीत, असं ठरलं. पहिल्याने दिलं, पण दुसऱ्याचं घेऊ नये या अटीवर. दुसऱ्याची अट तीच, फक्त उलट्या दिशेने. तिसऱ्याला आधी पहिल्या दोघांची माफी हवी होती. वीजखात्याचं पत्र तेवढं बिनशर्त आलं : 'सदर तारेस हात लावल्यास खाते जबाबदार राहणार नाही.'

घरी बायको रडकुंडीला आली होती. "लसीच्या कार्डावर 'निनावी' लिहिलंय. नर्स त्याच नावाने हाक मारते आणि आपली पोर हसते हो! त्या नावाला ओ द्यायला शिकली म्हणजे?"

हेलपाटे घालता घालता तीन वर्षं गेली. शाळाप्रवेशाला दोन दिवस उरले, तेव्हा खिडकीतल्या बाईंनाच दया आली. त्या हळूच म्हणाल्या, "भाऊ, जगात कुठेच नसलेलं नाव आणा. उभ्या उभ्या दाखला देते."

घड्याळजींनी डोळे मिटून तीन अक्षरं लिहिली : 'उगझ'. यंत्राने 'कोणाचेही नाही' असा निर्वाळा दिला. दाखला हातात पडला. वाटभर त्यांना तो उघडून बघवला नाही.

शाळेच्या पहिल्या दिवशी बाईंनी हजेरी घेतली. "उगझ!" कुणीच ओ देईना. दाराशी उभ्या घड्याळजींनी लेकीकडे बोट दाखवलं. बाईंनी तिला जवळ घेतलं. "घरी काय म्हणतात गं तुला?"

"तारा."

"मीपण तारा!" मागच्या बाकावरून एक उठली. कागदोपत्री ती 'ढखू' होती. पाठोपाठ खिडकीजवळची 'ठुझी' उठली, तीही ताराच. तिघी खिदळत एकाच बाकावर जाऊन बसल्या.

दारात तीन बाप उभे होते. खरं तर त्यांनी हसायला हवं होतं. पण त्यांनी आधी एकमेकांची कपाळं पाहिली, मग टोप्या, मग दाढ्या. 'हा कुणातला?' असा प्रश्न प्रत्येकाच्या डोळ्यांत उभा राहिला. घड्याळजींच्याही.

तुम्ही मात्र हसलात, वाचकहो, ते बरं केलंत. फक्त खरं सांगा : घड्याळजी आपल्यातले की त्यांच्यातले, हे पहिल्या परिच्छेदापासून कोण शोधत होतं?